भिंतीवरचा एसी : चालतो कसा आणि चालवायचा कसा?



राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, पण आपल्या विदर्भात त्यानंतर. कारण सांगायला नकोच. मे महिन्यात यवतमाळ, वणी, पांढरकवडा भागात पारा ४३ ते ४५ अंशांच्या आसपास जातो आणि नवतपा लागला की रात्रीसुद्धा घराच्या भिंती उबारा सोडत राहतात. पूर्वी उन्हाळा म्हणजे वाळ्याच्या ताट्या, नंतर कूलर, आणि आता बऱ्याच घरांत भिंतीवरचा एसी आला आहे. वस्तू घरात आली, पण रिमोटवरच्या खुणांचा अर्थ मात्र बहुतेकांना कोणी सांगितलेला नसतो. मग एक तर एसी १६ वर लावून रात्रभर चालतो आणि महिन्याअखेरीस बिल पाहून घाम फुटतो. नाहीतर बिलाच्या धास्तीने तो बंदच राहतो आणि लेकरं-म्हातारी माणसं उकाड्यात तळमळतात. दोन्ही टाळता येतं. शिवाय विज्ञानाच्या तासाला बाष्पीभवन, सुप्त उष्णता आणि ऊर्जेची अक्षय्यता शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

आधी मडकं, मग कूलर, मग एसी

मुलांना पहिला प्रश्न विचारा : मडक्यातलं पाणी गार का होतं? मडक्याच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. घाम वाळताना अंगाला गार वाटतं तेही यामुळेच. एक लीटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. विजेच्या भाषेत बोलायचं तर जवळपास पाऊण युनिटाला थोडी कमी.

कूलर हेच काम पंखा लावून करतो. म्हणूनच एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आपल्याकडे कूलर झक्कास चालतो. जुलैत हवेतच ओलावा भरलेला असतो, ताट्यांवरचं पाणी वाळत नाही आणि कूलर लावला की अंग उलट चिकट होतं. वर्गात हे दाखवायला दोन थर्मामीटर पुरेत. एकाच्या टोकाला ओली कापडी चिंधी गुंडाळा आणि दोन्ही पंख्यासमोर धरा. कोरड्या उन्हाळ्यात दोघांत पंधरा-वीस अंशांचा फरक दिसतो, तर भर पावसाळ्यात दोन-तीन अंशांवर येतो. कूलर किती थंडावा देऊ शकेल त्याची मर्यादा हा फरकच सांगतो.

कूलरची दुसरी अडचण म्हणजे पाणी. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह आटल्यावर यवतमाळ शहरात पाण्यासाठी काय हाल झाले ते अनेकांना आठवत असेल. प्यायलाच पाणी नाही तिथे कूलरच्या टाकीत काय ओतणार?

एसीतही बाष्पीभवनच होतं. फक्त वाफ होणारा पदार्थ पाणी नसून बंद नळीत फिरणारा एक खास वायू असतो. आजकालच्या बऱ्याच एसींमध्ये आर-३२ नावाचा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे ५२ अंशांच्या सुमारास उकळतो. घरातल्या युनिटमधल्या नळ्यांत हा द्रव कमी दाबावर उकळतो आणि खोलीची उष्णता शोषून घेतो. मग बाहेरच्या युनिटमधला कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो. दाबल्याने ती बाहेरच्या हवेपेक्षाही जास्त तापते आणि म्हणूनच ४४ अंशांच्या उन्हातसुद्धा आपली उष्णता बाहेर टाकू शकते. उष्णता गेली की तिचा पुन्हा द्रव होतो आणि फेरा नव्याने सुरू होतो. तोच वायू वर्षानुवर्षे फिरतो, तो ‘संपत’ नाही. दरवर्षी कोणी ‘गॅस भरावा लागेल’ म्हणत असेल तर नळीला गळती आहे. आधी गळती शोधून बुजवायला सांगा.

थोडक्यात, एसी थंडी तयार करत नाही, तो उष्णता उचलून बाहेर नेतो. एक युनिट वीज खर्चून तो खोलीतली साधारण तीन युनिट उष्णता काढत असेल, तर बाहेर तीन नव्हे, चार युनिट उष्णता पडते, कारण खर्च झालेली वीजही शेवटी उष्णताच होते. अरुंद गल्लीत बाहेरचं युनिट शेजाऱ्याच्या खिडकीसमोर लावू नये ते यासाठीच.

मुलांना हमखास आवडणारा प्रश्न : फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर स्वयंपाकघर गार होईल का? उत्तर त्यांनाच शोधू द्या. (होणार नाही. फ्रिज आतून घेतलेली उष्णता त्याच खोलीत सोडतो, वर विजेची भर. खोली उलट तापेल.)

‘टन’ म्हणजे वजन नव्हे

दीड टनाचा एसी दीड टन वजनाचा नसतो. यंत्रं नव्हती तेव्हा थंडावा बर्फाने मोजत. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतो तितकी ओढण्याची क्षमता म्हणजे एक टन. आजच्या मापात सुमारे साडेतीन किलोवॅट. आणखी एक गंमत : आधुनिक एसीची पहिली रचना माणसांच्या सुखासाठी झालीच नव्हती. १९०२ मध्ये अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंगांची छपाई जुळत नसे. तो ओलावा काबूत आणण्यासाठी विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने ती यंत्रणा आखली.

घर वरच्या मजल्याचं असेल, स्लॅब दिवसभर तापत असेल किंवा भिंत पश्चिमेची असेल, तर त्याच मापाच्या खोलीला जास्त क्षमता लागते. गच्चीवर पांढरा चुना मारणं आणि पश्चिमेच्या खिडकीला बाहेरून आडोसा करणं, हे आधी करा. जी उष्णता घरात आलीच नाही ती बाहेर काढायचा खर्चही नाही.

रिमोटवरच्या खुणा

- बर्फाची चांदणी (कूल) : नेहमीचा थंडावा. उन्हाळ्यात हाच.
- थेंब (ड्राय) : ओलावा काढण्यासाठी. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३० वर असूनही चिकचिक होते तेव्हा हा वापरा. मे महिन्याच्या कोरड्या उन्हात याचा उपयोग नाही.
- पंखा (फॅन) : फक्त हवा फिरते, कॉम्प्रेसर बंद.
- ऑटो : काय चालवायचं ते यंत्र ठरवतं.
- सूर्य (हीट) : खोली गरम करण्यासाठी. ही सोय सगळ्या एसींत नसते.
- स्लीप : रात्री तापमान हळूहळू एक-दोन अंश वाढवतो. झोपेत शरीराला कमी थंडावा पुरतो, म्हणून हे बटण कामाचं.
- टायमर : पहाटे हवा गार झाल्यावर एसी आपोआप बंद व्हावा म्हणून.
- स्विंग : वाऱ्याची दिशा. गार हवा जड असते व खाली येते, म्हणून झोत वर, छताच्या बाजूला ठेवा. थेट लहान बाळाच्या अंगावर नको.

१६ वर लावलं की लवकर गार होतं का?

हा सगळ्यात मोठा गैरसमज. आर्णीहून यवतमाळला जायचं असताना नागपूरचं तिकीट काढलं म्हणून एसटी यवतमाळला लवकर पोचत नाही. तसंच इथे. आकडा हा वेग नाही, तो थांबायचा मुक्काम आहे. खोली ३८ अंशांवर असताना तुम्ही २४ लावा की १६, सुरुवातीला यंत्र पूर्ण जोर लावूनच चालतं. फरक पुढे पडतो. २४ ला कॉम्प्रेसर दम घेतो किंवा इन्व्हर्टर एसी असेल तर संथ होतो. १६ चा मुक्काम मात्र आपल्या उन्हाळ्यात बहुधा येतच नाही आणि यंत्र रात्रभर धावत राहतं.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे बीईई सांगते की तापमान एक अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हणूनच १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले घरगुती एसी २४ अंशांवर लावूनच येतात. आपण २५-२६ ला लावून सोबत छताचा पंखा हळू ठेवला तर थंडावा तितकाच वाटतो.

बिलाचं गणित वर्गात सोडवा

दीड टनाचा एसी पूर्ण जोरात सुमारे दीड किलोवॅट वीज घेतो. आठ तास तसाच धावला तर १२ युनिट. २४ अंशांवर, दार-खिडक्या नीट बंद असताना सरासरी निम्मा जोर लागतो असं धरू, म्हणजे रात्रीची ६ युनिट. महिन्याला १८०. कूलर २०० वॅटचा धरला तर तितक्याच तासांत महिन्याला ४८ युनिट.

महावितरणच्या घरगुती दरात १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत. घरात एरवी ११० युनिट लागत असतील तर एसीसह २९० होतील, तिसऱ्या टप्प्याच्या अलीकडे. तोच एसी २० वर लावला तर ४०-४५ युनिट जास्त लागून आकडा ३०० ओलांडतो. आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. ३०० ओलांडले म्हणून सगळ्या युनिटांना वरचा दर लागत नाही, फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण तो दर बराच चढा असतो, म्हणून ती तीस-पस्तीस युनिट अंगावर येतात. घरचं बिल आणून मुलांनी ही मांडणी केली तर शेकडेवारीही होते आणि घरी उपयोगही. मात्र एक पथ्य पाळू या. कोणाकडे एसी आहे, कोणाकडे नाही, हे वर्गात विचारू नये. गणितासाठी एक काल्पनिक बिल पुरतं.

विकत घेताना ताऱ्यांसोबत लेबलवरचं वर्षही बघा. तारे देण्याचे निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच तारे आणि नव्याचे पाच तारे सारखे नसतात. लेबलवरचा वार्षिक युनिटांचा आकडा १६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. आपला वापर किती, त्या प्रमाणात हिशेब करा.

हीट पंप : तोच एसी, उलटा फिरवलेला

ज्या एसीत ‘सूर्य’ असतो त्यात वायूची वाट उलटवणारी एक झडप असते. मग बाहेरचं युनिट बाहेरच्या हवेतून उष्णता घेतं आणि आतलं युनिट ती खोलीत सोडतं. बाहेर थंडी असताना उष्णता कुठून येणार, असं मुलं विचारतील. दहा अंशांच्या हवेतही उष्णता असतेच. वायू त्याहून थंड असला की ती त्याच्याकडे वाहते. कॉइलचा हीटर एका युनिटात एकच युनिट उष्णता देतो, हीट पंप साधारण तीन. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीतल्या थोड्या रात्री सोडल्या तर याची गरज नाही, त्यामुळे केवळ या बटणासाठी जास्त पैसे मोजू नका. पण लेक-जावयाकडे युरोपात किंवा अमेरिकेत गेलात तर घरं अशाच यंत्रांनी गरम केलेली दिसतील. कडक थंडीत ते यंत्र मधेच काही मिनिटं गरम हवा थांबवतं. ते बिघडलेलं नसतं, बाहेरच्या युनिटवर जमलेला बर्फ वितळवत असतं.

हे मात्र कराच

१. जाळी उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी काढून साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवून बसवा. जिनिंगजवळ घर असेल तर बाहेरच्या युनिटवर कापसाचे तंतू चिकटतात, तेही साफ करून घ्या. आधी मेन स्विच बंद.
२. एसीला स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्डावर एसी कधीच नाही. बिलावरचा मंजूर भार पुरेसा आहे का ते पाहा.
३. लाइट जाऊन आली की लगेच बंद-चालू करत बसू नका. आतला दाब समान व्हायला तीनेक मिनिटं लागतात, तोवर यंत्र थांबून राहतं.
४. एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही. बंद खोलीत शेगडी, कोळसा, मच्छर अगरबत्ती पेटवू नका. सकाळ-संध्याकाळ खिडक्या उघडा.
५. बाहेरचं युनिट गॅलरीच्या कठड्याला लागून नको. मुलं त्यावर चढून कठड्यावरून डोकावतात.
६. उन्हातून आलेल्या मुलाला लगेच थंडगार झोतासमोर बसवण्याआधी पाणी द्या, घाम वाळू द्या. मात्र अंग तापलेलं असेल आणि मूल असंबद्ध बोलत किंवा गुंगत असेल, तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा वेळ न घालवता गार जागी न्या, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

एसी नसलेल्या घरांनाही यातलं विज्ञान उपयोगी आहे. पांढरी गच्ची, पश्चिमेचा आडोसा, रात्री समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं, कोरड्या उन्हात ओला पडदा. तत्त्व तेच, फक्त यंत्र नाही.

विद्यार्थ्यांसाठी प्रश्न

१. एसीच्या नळीतून बाहेर पडणारं पाणी कुठून येतं? ते मे महिन्यात जास्त असेल की ऑगस्टमध्ये? का?
२. २०० वॅटचा कूलर रोज १० तास चालवला तर ३० दिवसांत किती युनिट होतील?
३. आजी-आजोबांना विचारा : कूलर नव्हता तेव्हा घर गार कसं ठेवायचे? त्यांच्या प्रत्येक युक्तीमागचं विज्ञान एका ओळीत लिहा.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं जरूर वाचा, सर. त्यातून पुढच्या उन्हाळ्याचा एक चांगला प्रकल्प तयार होईल.