झोप आणि हृदय – भाग ५ : घोरणं मधेच थांबतं तेव्हा

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. ही उतरण ज्यांच्या वाट्याला येत नाही अशी माणसं आपल्या घराघरांत आहेत, आणि त्यांच्याबद्दल आपण जवळजवळ कौतुकानं बोलतो. ‘काय झोप लागते यांना! पाठ टेकली की घोरायला लागतात.’ रात्रीच्या रेल्वे प्रवासात सगळा डबा ज्यांच्यामुळे जागा राहतो, त्यांनाच आपण झोपेचे धनी समजतो.

एका लयीत चालणारं घोरणं बहुतेक वेळा शेजारच्याचाच छळ करतं. कान टवकारायचे ते घोरणं एकदम थांबतं तेव्हा. दहा-वीस सेकंद, कधी त्याहूनही जास्त वेळ काहीच ऐकू येत नाही. मग गुदमरल्यासारखा मोठा आवाज होतो, अंग हलतं आणि घोरणं पुन्हा सुरू होतं. याला डॉक्टर स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास दहा सेकंद किंवा अधिक अडला की ती एक वेळ मोजतात. तासाला पाचपर्यंत चालवून घेतात. तीसच्या वर गेलं की आजार तीव्र. तासाला तीस म्हणजे सात तासांच्या झोपेत दोनशेहून जास्त वेळा.

त्या शांततेत नेमकं काय होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ आणि टाळूचा मऊ भाग मागे सरकतो आणि हवेची वाट बंद होते. छाती आणि पोट मात्र श्वास ओढतच राहतात. रक्तातला ऑक्सिजन खाली येऊ लागतो. मेंदूला धोका कळतो आणि तो माणसाला क्षणभर अर्धवट जागा करतो, इतका थोडा की सकाळी त्याला काही आठवत नाही. पण त्या क्षणी शरीरात संकटाच्या वेळचीच सगळी धावपळ होते : रक्तवाहिन्या आवळतात, ठोके वाढतात, रक्तदाब उसळी घेतो. ज्या वेळी तो उतरायला हवा, त्याच वेळी तो पुन्हा पुन्हा चढतो. काही महिन्यांत ही सवय दिवसालाही लागते. तीन-तीन गोळ्या घेऊनही ज्यांचं बीपी आटोक्यात येत नाही, त्यांच्यात हा आजार फार मोठ्या प्रमाणात सापडतो तो यामुळेच.

दुसरी इजा कमी जणांना ठाऊक असते. बंद वाटेतून श्वास ओढताना छातीच्या पोकळीतला दाब खूप खाली जातो आणि हृदयाच्या पातळ भिंतींच्या वरच्या कप्प्यांवर ताण येतो. वर्षानुवर्षं ताणले गेलेले हे कप्पे पुढे ताल सोडून थरथरू लागतात; त्या अनियमित ठोक्यांतून रक्ताची गुठळी होऊन पक्षाघातही होऊ शकतो. शिवाय कप्पा ताणला गेला की हृदय एक संप्रेरक सोडतं. त्याचा मूत्रपिंडांना निरोप एवढाच, की पाणी जास्त झालंय, बाहेर काढा. मग माणूस रात्री तीन-चार वेळा लघवीला उठतो. त्यासाठी साखर तपासली जाते, प्रोस्टेटची सोनोग्राफी होते. त्या तपासण्या हव्यातच. पण ‘घोरता का?’ हा प्रश्नही त्याच वेळी विचारला गेला पाहिजे.

अचानक हृदय बंद पडून होणारे मृत्यू एरवी सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त होतात. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २००५ साली अशा मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. स्लीप ॲप्निया असलेल्यांपैकी ४६ टक्के लोक मध्यरात्र ते पहाटे सहा या वेळात गेले होते; तो आजार नसलेल्यांत हे प्रमाण २१ टक्के होतं. इतरांच्या हृदयाला सर्वांत सुरक्षित असणारी वेळच या माणसांना घातक ठरते.

आपल्याकडचं चित्र डॉ. झरीर उदवाडिया यांनी मुंबईत पाहिलं. नेहमीच्या आरोग्य तपासणीला आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा त्यांचा अभ्यास २००४ साली छापून आला. जवळपास पाचातल्या एकाचा श्वास झोपेत तासाला पाच किंवा अधिक वेळा अडत होता. हे कुणी आजारी म्हणून आलेले लोक नव्हते.

उपाय आहे. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली दाखवून दिलं, की नाकावरच्या मास्कमधून हलक्या दाबानं हवा सोडत राहिलं तर घसा मिटत नाही. हेच आजचं सीपॅप मशीन. त्यानं दिवसाची झोपाळू सुस्ती जाते, रक्तदाबही थोडा उतरतो. पण ‘मशीन घ्या, हार्ट अटॅक टाळा’ असं कुणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात झालेल्या सत्तावीसशेच्या आसपास रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. मशीनमुळे पुढचे झटके कमी झाले नाहीत. मात्र त्या रुग्णांनी मास्क लावला होता रात्री सरासरी तीन-साडेतीन तास. अर्धी रात्र घसा मिटलेलाच राहिला, तर हृदयाला पूर्ण लाभ मिळावा कसा? माझ्या मते त्या चाचणीचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरून चालणार नाही. मशीनच्या जोडीला वजन उतरवणं, कुशीवर झोपणं, रात्रीची दारू बंद करणं आणि झोपेच्या गोळ्या मनानं न घेणं, हेही आलंच.

सर्वांत जास्त काळजी वाटते ती बायकांची. पाळी थांबल्यानंतर त्यांच्यात हा आजार वाढतो, पण तो ओळखला जात नाही. बाईचं घोरणं म्हणजे घरात थट्टेचा विषय, त्यामुळे ती स्वतः ते कधी बोलत नाही. डॉक्टरांना सांगते ते एवढंच : झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर गळून गेल्यासारखं होतं. मग ताणतणाव असेल म्हणून गोळी मिळते. आईचं बीपी वाढलेलं असेल आणि ती घोरत असेल, तर एखाद्या रात्री तिला विचारून मोबाइलवर पाच-दहा मिनिटं आवाज टिपून ठेवा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना ऐकवा. स्लीप स्टडी करायची की नाही हे ठरवायला त्यांना त्याची मोठी मदत होईल.

(पुढील भागात : रात्रपाळी आणि हृदय)