नवं यंत्र, जुनी माणसं – भाग ६ : फोन परत का आले?

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभरातल्या अंगणवाडी सेविका बालविकास प्रकल्पांच्या कार्यालयांत गेल्या आणि सरकारनं दिलेले मोबाइल परत करून आल्या. फोन दोन वर्षं जुने होते, मेमरी दोन जीबी. त्यावर केंद्र सरकारचं, त्याच वर्षी मार्चमध्ये आलेलं ‘पोषण ट्रॅकर’ हे अॅप चालवायचं होतं. फोन तापायचे, मध्येच अडकायचे. बिघडले तर दुरुस्तीचा खर्च अनेकींनी पदरचा केला होता. आणि ज्यांचं शिक्षण मराठीत, तेही थोडंच झालेलं, त्यांच्यासमोर अॅपमधला मजकूर इंग्रजीत येत होता.

‘या बायकांना नवं काही शिकायलाच नको,’ असा निष्कर्ष तेव्हा अनेकांनी काढला. तो साफ चुकीचा आहे. सेविकांची मागणी चालणारा फोन आणि मराठीतलं अॅप द्या अशी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये संप झाला, तेव्हाही नवा मोबाइल ही त्यांच्या मागण्यांपैकी एक होती. नोंद मोबाइलवर करायला त्यांची हरकत नव्हती. हरकत होती ती न चालणाऱ्या यंत्राचा दोष आपल्या माथी येण्याला.

गेल्या पाच भागांत आपण यंत्रांबद्दल बोललो. आज ती यंत्रं ज्यांच्या हातात जातात त्यांच्याबद्दल, आणि त्या हातांची जबाबदारी ज्यांच्याकडे असते त्यांच्याबद्दल बोलायचं आहे. मोठ्या कंपन्यांत त्यांना एचआर म्हणतात. आपल्या हिंगोलीत हे काम वेगवेगळ्या टेबलांवर विखुरलेलं असतं. जिल्हा परिषदेत आस्थापनेचा कक्ष ते बघतो, वसमतच्या पूर्णा कारखान्यासारख्या ठिकाणी कामगार अधिकारी आणि टाइम ऑफिस, पतसंस्थेत स्वतः व्यवस्थापक. एकात्मिक बालविकास योजनेत ते प्रकल्प अधिकारी आणि बीटच्या पर्यवेक्षिकेकडे येतं. नवी व्यवस्था आणायचं ठरतं वर कुठेतरी; ती उभी राहते किंवा कोसळते ती या टेबलांवर.

सेविकेचा दिवस डोळ्यांसमोर आणा. मुलं गोळा करायची, आहार द्यायचा, वजनं घ्यायची, गरोदर मातांकडे गृहभेटी, लसीकरणाच्या दिवशी आशाताई आणि नर्सताईंबरोबर उभं राहायचं. या सगळ्याच्या नोंदी ठेवायला योजनेत अकरा रजिस्टरं ठरवून दिलेली. अॅप आलं ते ही रजिस्टरं कमी व्हावीत म्हणून. पण रजिस्टर कुठल्या तारखेपासून बंद, हे लेखी आदेशानं स्पष्ट झालं नाही तर काय होतं, ते कुठल्याही कार्यालयातला माणूस सांगेल: तपासणीला येणारा साहेब वही मागतो, वरून येणारा फोन अॅपमधला आकडा मागतो, आणि एकच काम दोनदा होतं. माझ्या मते मनुष्यबळ बघणाऱ्या अधिकाऱ्याचं पहिलं काम इथे आहे. नवी पद्धत सुरू करण्याच्या आदेशातच जुनी कधी थांबणार त्याची तारीख घालून घ्यायची. तशी तारीख देता येत नसेल तर नवी पद्धत अजून तयार नाही, असं समजावं आणि तसं वर कळवावं.

दुसरं काम खरेदीच्या आधीचं आहे. औंढ्याच्या डोंगराकडच्या वाडीत नेटवर्कची जी अवस्था असते, ती वसमत शहरात नसते. कळमनुरी तालुक्यातल्या तांड्यावर काम करणारी सेविका आणि हिंगोली शहरातली सेविका यांचा दिवस सारखा नसतो. म्हणून पाचही तालुक्यांतून थोडी थोडी केंद्रं निवडून, फोनचे दोन-तीन नमुने महिनाभर खऱ्या कामात वापरायला द्यावेत आणि निवड त्या सेविकांच्या सांगण्यावरून करावी. महिनाभराची ही चाचणी पोषण ट्रॅकर सुरू करण्याआधी झाली असती, तर दोन जीबीचा फोन पहिल्याच आठवड्यात बाद झाला असता.

प्रशिक्षणाबद्दल मला तक्रारीच्या सुरात बोलावंसं वाटतं. सभागृहात शे-दीडशे जणींना बसवायचं, पडद्यावर चित्रं दाखवायची, जेवण, सही, संपलं. याला प्रशिक्षण म्हणू नये. फोन हातात धरून, आपल्याच गावातल्या मुलाचं नाव भरून, चुकवून आणि दुरुस्त करून माणूस शिकतो. प्रत्येक बीटमध्ये एखादी तरी सेविका अशी असतेच, जिच्याकडे बाकीच्या ‘हे कसं गं करायचं?’ असं विचारत येतात. तिला शोधावं. तिच्याकडे हे काम अधिकृतपणे द्यावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत. मासिक बैठकीतला एक तास तिच्यासाठी राखून ठेवावा. आणि शिकण्याचा वेळ हा कामाचाच वेळ मानावा. तो घरी, स्वयंपाक उरकल्यावर, स्वतःच्या नेटपॅकवर ढकलू नये.

एसटीच्या वाहकांकडून इथे एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिकिटांचा ट्रे आणि पंच जाऊन मशीन आलं, तरी मशीन बंद पडल्यावर कागदी तिकिटं फाडून गाडी पुढे नेता येते. पर्याय ठरलेला असला की माणूस यंत्राला भीत नाही.

बदल वाटाघाटीनं आणता येतो, याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण बँकांचं आहे. संगणक आले तर नोकऱ्या जातील, ही धास्ती १९८० च्या दशकात बँक कर्मचाऱ्यांत फार मोठी होती. ८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. कुठे, किती यंत्रं येणार हे त्यात ठरलं आणि ती चालवणाऱ्यांसाठी विशेष भत्ताही. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये नवे करार झाले. वेळ लागला, टीकाही झाली. पण मराठवाड्यात जिला सगळे ‘हैदराबाद बँक’ म्हणत, त्या स्टेट बँक ऑफ हैदराबादच्या शाखांत लेजर लिहिणारी पिढीच पुढे संगणकावर बसली. १ एप्रिल २०१७ ला ती बँक स्टेट बँकेत विलीन झाली, तोवर लेजर कधीच माळ्यावर गेलं होतं.

कायदाही याच बाजूचा आहे. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ च्या कलम ९-अ प्रमाणे, कामगारकपात होऊ शकेल असं नवं तंत्र आणायचं असेल तर मालकानं २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागे. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही नोटिशीची तरतूद आहे. त्या संहितेत पुनर्कौशल्य निधी आहे: कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकानं त्याच्या शेवटच्या पगाराचे १५ दिवसांचे पैसे त्यात भरायचे. हे चांगलं आहे, पण उशिरा आहे. नोकरी गेल्यावर शिकायला पैसे देण्यापेक्षा ती असतानाच शिकवणं प्रत्येक आस्थापनेला स्वस्त पडेल. आणि सेविका या चौकटीत नीट बसतच नाहीत, कारण सरकार त्यांना मानधनावरच्या कार्यकर्त्या मानतं. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला. यंत्र बदलताना आधी विचारलं जाण्याचा हक्क मात्र त्यांना कोणी लिहून दिलेला नाही.

पुढचा बदल येऊनही ठेपला आहे. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीच्या चेहऱ्याची पडताळणी पोषण ट्रॅकरवर सक्तीची झाली. त्यासाठी आधारची ई-केवायसी लागते आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर. तो फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा पुण्याकडे कामाला, आणि पाच महिन्यांची गरोदर बाई पिशवी घेऊन अंगणवाडीच्या दारात उभी. तिला ‘नंतर या’ म्हणायचं का, हे सेविकेनं ठरवायचं? अशा वेळी आहार द्या आणि पडताळणी नंतर करा, एवढी लेखी मुभा प्रकल्प अधिकाऱ्यानं मिळवून दिली पाहिजे. पहिल्या सहा महिन्यांतल्या अॅपच्या आकड्यांवरून कुणाचं मानधन अडवू नये, ही दुसरी.

यंत्र येण्याआधीच माणसं तयार करायची संधीही याच जिल्ह्यात आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला लायगो-इंडियाची गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होत आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल २०२३ मध्ये केंद्रानं मंजूर केलेले २,६०० कोटी रुपये, आणि पूर्ण करण्याचं लक्ष्य २०३०. तिथे शास्त्रज्ञ देशभरातून येतील, ते योग्यच. पण निर्वात नळ्यांची देखभाल, वेल्डिंग, वातानुकूलन, वीज, इलेक्ट्रॉनिक्स हे काम हिंगोलीची मुलंमुली करू शकतात. आयटीआयचे बरेचसे ट्रेड दोन वर्षांचे, त्यावर शिकाऊ उमेदवारीचं साधारण एक वर्ष. म्हणजे २०३० मध्ये तिथे उभा राहणारा तंत्रज्ञ उशिरात उशिरा २०२७ च्या प्रवेशात असला पाहिजे. कुठले ट्रेड, किती जागा, कोणती पात्रता, ही यादी प्रकल्पाच्या मनुष्यबळ विभागानं जिल्ह्यातल्या प्रत्येक आयटीआयच्या फलकावर आत्ताच लावावी.