बेटावरचा मध, मांघरची पेटी आणि चॉकलेटची वडी : मुलांना न्यायचं कुठे?

माझा भाचा क्रूझवर नोकरीला आहे. मध्यंतरी त्याने मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावरून एक व्हिडिओ पाठवला. दहा-बारा पर्यटकांचा लहानसा गट, मध्ये झाडाचा आडवा ठेवलेला पोकळ ओंडका. ओंडक्याचं तोंड उघडतात, आतून बारीक माश्या बाहेर येतात आणि कुणीही पळत नाही, कारण या माशीला डंखच नाही. पुढे एक बाई दगडी पाट्यावर कोकोच्या बिया वाटते आणि सगळ्यांना बोटभर चाटायला देते. खाली भाच्याने लिहिलं होतं, ‘खाला, तुमच्या मुलांना दाखवा.’

दाखवला. आठवीतल्या एका मुलीने लगेच विचारलं, ‘टीचर, आपल्याकडे असं कुठे बघायला मिळेल?’ मला उत्तर येत नव्हतं. मग चौकशी केली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत इमारतीतली चार कुटुंबं मिळून जाऊनही आलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहिते आहे, म्हणजे तुम्ही जाल तेव्हा पैसे योग्य जागी खर्च होतील.

आधी त्या बेटाचं. मध आणि चॉकलेट एकाच सहलीत का, असा प्रश्न मलाही पडला होता. कोझुमेल हे युकातान द्वीपकल्पाच्या किनाऱ्याजवळचं बेट. तिथले माया लोक शेकडो वर्षांपासून मेलिपोना जातीची बिनडंखाची माशी पाळत आले. लाकडाच्या पोकळ ओंडक्यात वसाहत ठेवायची, दोन्ही तोंडं चकतीने आणि मातीने बंद करायची, मधोमध माशीपुरतं भोक. ही माशी मध षटकोनी घरांत साठवत नाही, मेणाच्या लहान लहान मडक्यांत साठवते. मध पातळ, थोडा आंबूस, आणि एका ओंडक्यातून वर्षाला फार तर एक-दोन लिटर. कोकोही त्याच लोकांचा. ऊस अमेरिकेत गेला तो स्पॅनिश लोकांबरोबर. त्याआधी कोकोचं कडू पेय गोड करायचं तर मधच हाताशी होता. म्हणजे ही जोडी पर्यटन कंपनीने जुळवलेली नाही, ती तिथल्या स्वयंपाकघरातली आहे. पुढे युरोपातून जास्त मध देणारी माशी आली, जंगल तुटलं आणि हे ओंडके कमी होत गेले. आज लहान गट तिथे पैसे देऊन बघायला जातात, तो त्या पाळणाऱ्यांना एक आधार आहे.

आता आपल्याकडचं. महाबळेश्वरपासून थोड्याच अंतरावर मांघर नावाचं छोटं गाव आहे. राज्याच्या खादी व ग्रामोद्योग मंडळाने मे २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर केलं. महाबळेश्वरलाच मंडळाचं मध संचालनालय आहे, आणि डोंगरातल्या मधपाळांची सहकारी संस्था ‘मधुसागर’ या नावाने मध विकते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. थोडक्यात, आपण जिथे स्ट्रॉबेरी-क्रीम खायला जातो, त्याच डोंगरात मधाचं एवढं मोठं काम चालतं आणि आपल्याला पत्ता नसतो.

पत्ता नसतो याचं एक कारण आपल्या सहलींची पद्धत. काही वर्षांपूर्वी आम्ही थंड हवेच्या एका ठिकाणी पन्नास मुलं बसने नेली होती. कार्यक्रमात ‘चॉकलेट फॅक्टरीला भेट’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात ते दुकान निघालं. एक काच, काचेमागे टोपी घातलेला एकच माणूस साच्यात काहीतरी ओततोय, आणि पाच मिनिटांत सगळे काउंटरवर. ज्या मुलांच्या खिशात पैसे नव्हते ती दाराशी उभी राहिली. ते चेहरे अजून आठवतात. म्हणून या वेळी ठरवलं, माणसं कमी न्यायची आणि दुकानाआधी माणसाला भेटायचं.

आम्ही लहान-मोठे मिळून सोळा होतो. कुर्ल्याहून फजरनंतर निघालो, गाडीभाडं वाटून घेतलं, दुपारपर्यंत महाबळेश्वर. बाजारपेठेत मशीद आहे, त्यामुळे नमाजची अडचण नाही. गावात शाकाहारी जेवण सांगून ठेवलं, तोही प्रश्न मिटला. फोन केला तेव्हाच मधपाळ म्हणाले होते, ‘पेटीजवळ एका वेळी आठच.’ मग आठ-आठचे दोन गट केले. तेव्हा थोडं कटकटीचं वाटलं, पण पेटी उघडल्यावर कारण समजलं. माश्यांचं येण्या-जाण्याचं दार मोकळं लागतं. समोर गर्दी उभी राहिली की त्या बिथरतात.

आणि इथे आपल्या घरांसाठी दोन खास गोष्टी, ज्या कुठल्याही माहितीपत्रकात लिहिलेल्या नसतात. पहिली, अत्तर. सहलीला निघताना आपण हमखास लावतो. उग्र वासाने माश्या चिडू शकतात, तेव्हा त्या दिवशी अत्तर, परफ्यूम, केसांचं सुगंधी तेल सगळं बंद. दुसरी, काळा रंग. गडद रंगावर माश्या लवकर धावून येतात, म्हणून तर मधपाळांचे कपडे पांढरे किंवा फिकट असतात. आमच्यातल्या तिघी काळ्या बुरख्यात होत्या. मधपाळाच्या घरच्या बाईंनी आतून धुतलेल्या पांढऱ्या चादरी आणून दिल्या, वरून जाळीची टोपी. पुढच्या वेळी फिकट रंगाचा बुरखा किंवा मोठी ओढणी बरोबर ठेवा.

आपल्या डोंगरातली पाळायची माशी म्हणजे सातेरी. आग्या माशी मोठी, रागीट, कड्यावर किंवा उंच झाडावर उघडं पोळं बांधते, ती पेटीत राहत नाही. फुलोरी लहान, झुडपात छोटंसं एकच पोळं. सातेरी मात्र झाडाच्या ढोलीत, अंधारात, एकाशेजारी एक अशी अनेक पोळी बांधते, म्हणून तिला लाकडी पेटी मानवते. मुलांना मी तिथेच सूरह नहलची आठवण करून दिली. नहल म्हणजे मधमाशी. त्या सूरहमध्ये माशीच्या घराच्या तीन जागा सांगितल्या आहेत : डोंगर, झाडं आणि माणसं उभारतात ते. कड्यावरची आग्या, ढोलीतली सातेरी आणि समोरची पेटी, तिन्ही त्या दिवशी एका नजरेत आल्या. अरबीत तिथलं संबोधन स्त्रीलिंगी आहे, हे उर्दू शिकवताना मी नेहमी सांगते. पेटीतही काम करणाऱ्या सगळ्या माद्याच, नर मध गोळा करत नाहीत. यावर मुली जेवढ्या खूश झाल्या तेवढे मुलगे झाले नाहीत.

पेटीचे दोन मजले. खालच्या मजल्यावर राणी आणि पिल्लं, वरच्यावर मध. मधपाळ फक्त वरच्या चौकटी काढतो, मेणाची झाकणं सुरीने उडवतो आणि चौकट गोल फिरणाऱ्या यंत्रात ठेवतो. मध बाहेर फेकला जातो, पोळं शाबूत राहतं आणि माश्यांना परत मिळतं. पूर्वी पोळं पिळून मध काढत, त्यात पिल्लंही चिरडली जात. सातेरीच्या एका पेटीतून वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध मिळतो. परदेशी मेलीफेरा माशी याच्या कितीतरी पट देते. ‘मग ती का नाही पाळत?’ असं मुलांनी विचारलंच. उत्तर असं की सातेरी इथल्याच जंगलाची आहे. जांभूळ, हिरडा, कारवी यांचा फुलोरा आणि इथला पाऊस तिच्या ओळखीचा आहे. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते, त्या वर्षीचा मध लोक राखून ठेवतात.

एक प्रश्न मी मुद्दाम विचारला : पावसाळ्यात काय? महाबळेश्वरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. मधपाळाने न लाजता सांगितलं, ‘तेव्हा साखरेचा पाक पाजावा लागतो, नाहीतर वसाहत मरते.’ ही भेसळ नाही. त्या पाकाचा साठा काढून मध म्हणून विकला तर ती भेसळ. जो मधपाळ हा फरक स्वतःहून सांगतो, त्याच्याकडून मी डोळे झाकून घेते.

कारण बाटलीवरून काही कळत नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडची तपासणी प्रसिद्ध केली, त्यांतले फक्त ३ सर्व चाचण्यांत उतरले. कंपन्यांनी ते निष्कर्ष नाकारले. पण एक गोष्ट त्यातून सगळ्यांना समजली की साखरेचे सिरप आता असे बनतात की साध्या चाचणीत सापडत नाहीत. तेव्हा पाण्याच्या ग्लासात थेंब टाकणं, काडी मधात बुडवून पेटवणं, या आपल्या घरगुती परीक्षांवर विसंबू नका. आणि मध थंडीत दाणेदार झाला म्हणून ‘साखर घातली’ असं म्हणत दुकानदाराशी भांडू नका, अस्सल मधही गोठतो.

आणलेला मध घरी आल्यावर पहिला हात बाळाकडे जातो, म्हणून हेही इथेच सांगते. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये, असं डॉक्टर स्पष्ट सांगतात. मधात एका जिवाणूचे सुप्त कण असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण बाळाच्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात आणि बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. आपल्याकडे तहनीक मधाने करायची सवय पडली आहे. हदीसमध्ये येते ती तहनीक खजुराची, आणि तीही डॉक्टरांशी बोलून करावी. आमच्या अम्मींना हे पटायला दोन दिवस लागले.

आता चॉकलेट. कोझुमेलसारखं बियांपासून चॉकलेट बघायचं असेल तर महाबळेश्वर, पाचगणी, लोणावळा ही ती जागा नाही. तिथे ‘होममेड’ म्हणून मिळतं ते बहुतेक तयार लादी वितळवून साच्यात ओतलेलं असतं. त्यात वाईट काही नाही, पण त्याला बनवणं म्हणणं म्हणजे विकतचं पीठ मळून ‘गहू पिकवला’ म्हणण्यासारखं. कोकोचं झाड दमट, उष्ण हवेचं, नारळ-सुपारीच्या सावलीत वाढणारं. ते बघायला गोव्यात फोंड्याच्या मसाल्याच्या बागांत जावं, किंवा केरळमध्ये. इडुक्की जिल्ह्यात कोको भरपूर, आणि केरळमध्ये बिनडंखाची माशीही घरोघरी पाळतात. म्हणजे कोझुमेलची जोडी हवी असेल तर ती तिथे आहे.

कोकोचं फूल थेट खोडावर येतं, नखाएवढं. मुलांना वाटलं होतं त्याचंही परागीकरण मधमाशी करत असेल. ते काम चिलटाहून बारीक अशा एका माशीचं आहे. फळात तीस-चाळीस बिया, भोवती पांढरा आंबट-गोड गर. बिया गरासकट पाच-सहा दिवस आंबवतात, मग वाळवतात, भाजतात, सोलतात, तासन् तास वाटतात. आंबवल्याशिवाय चॉकलेटची चव येतच नाही.

कुर्ल्यात आमच्या आसपास कितीतरी बहिणी ईदला आणि लग्नांना घरी चॉकलेट करून विकतात, क्रॉफर्ड मार्केटमधून लादी आणून. त्यांच्यासाठी दोन ओळी. लादीच्या कागदावर ‘कोको बटर’ आहे की वनस्पती तेल, ते बघा. दुसऱ्या प्रकाराला कंपाउंड म्हणतात, ते स्वस्त आणि सोपं. कोको बटर असलेली काळी लादी मात्र ४५ अंशांपर्यंत वितळवून, २८ पर्यंत थंड करून, पुन्हा ३१-३२ वर आणावी लागते, तेव्हाच वडी चमकते आणि कटकन तुटते. मध त्यात सरळ ओतलात तर गोळा होईल, मधात पाणी असतं. तो क्रीममध्ये मिसळून वडीच्या आत भरायचा. दुबईहून आलेला डबा असेल तर जिलेटिन, दारूचं सारण आणि १२० क्रमांकाचा लाल रंग वाचून बघा. तो रंग किड्यांपासून काढतात.

जायचं असेल तर मार्च ते मे बरा काळ. आधी फोन करा, किती जण ते खरं सांगा. मधमाशी चावली तर काटा नखाने खरवडून लगेच काढा. ओठ सुजले, श्वास लागला तर थेट दवाखाना, घरगुती उपाय नको.

परत आल्यावर त्या आठवीच्या मुलीने शाळेच्या जुन्या भिंतीत, मीटरच्या पेटीशेजारी, एक मेणाची बारीक नळी दाखवली. तिच्यातून मुंगीएवढ्या काळ्या माश्या ये-जा करत होत्या. आपली बिनडंखाची माशी, कोझुमेलवालीची लांबची बहीण, इतकी वर्षं आमच्याच कुर्ल्यात. सुट्टीत भिंतींना प्लास्टर होणार आहे. मिस्त्रींना सांगून ठेवलंय, तेवढी चार बोटं जागा सोडा. ते म्हणाले, ‘लिहून द्या, टीचर, नाहीतर पोरं बुजवून टाकतील.’ मी खडूने भिंतीवरच लिहिलं, मराठीत आणि उर्दूत.