गंबोचा रंग बघा, तिखट नको

पुण्या-मुंबईच्या कॅफेत ‘केजन’ म्हणजे बटाट्यावर भुरभुरलेली लाल पूड. याचं थोडं श्रेय न्यू ऑर्लिन्सच्या पॉल प्रुडोमला. या शेफचा मसाला थापून तव्यावर काळा केलेला रेडफिश १९८०च्या दशकात इतका गाजला, की त्या माशाच्या मासेमारीवर निर्बंध आले. मसाला जगभर गेला, स्वयंपाक लुइझियानातच राहिला.

केजन म्हणजे ब्रिटिशांनी १७५५पासून नोव्हा स्कॉशियातून हुसकावलेल्या आणि लुइझियानात येऊन वसलेल्या फ्रेंचभाषकांचे वंशज. त्यांचं जेवण खेड्यातलं, एका भांड्यातलं. क्रिओल मात्र शहरी: फ्रेंच, स्पॅनिश, आफ्रिकी हात एकत्र आलेलं. जांबालाया या भाताच्या पदार्थात टोमॅटो असेल तर तो बहुधा क्रिओल.

न्यू ऑर्लिन्सच्या गल्लीतल्या छोट्या रेस्टॉरंटमध्ये गेलात तर आधी गंबो, म्हणजे दाट रस्सा, मागवा. त्याचा पाया ‘रू’. मैदा तेलात मंद आचेवर, लाडवाच्या बेसनासारखा, हात न थांबवता परतायचा. केजन घरात तो चॉकलेटी होईपर्यंत नेतात. करपला की सगळा फेकायचा. गंमत अशी, की रू जितका गडद तितकी त्याची दाटपणा देण्याची ताकद कमी. ती कसर भेंडी भरून काढते, किंवा चोक्टॉ आदिवासींकडून आलेली सॅसफ्रासच्या पाल्याची पूड, ‘फिले’. ती आचेवरून उतरवल्यावरच घालायची, नाहीतर रश्शाला तार सुटते. आपण भेंडीचा बुळबुळीतपणा घालवायला धडपडतो, इथे तोच हवा असतो! कांदा, सेलरी आणि हिरवी ढोबळी मिरची हे त्रिकूट मात्र केजन-क्रिओल दोन्हींत हवंच.

मग वार बघा. सोमवारी फळ्यावर राजमा-भात हवा. पूर्वी सोमवार धुण्याचा दिवस असे. रविवारच्या हॅमचं हाड घालून राजमा दिवसभर चुलीवर ठेवला की बाईला कपडे धुवायला मोकळीक मिळे. क्रॉफिशचा, म्हणजे गोड्या पाण्यातल्या छोट्या शेवंडांचा, हंगाम साधारण वसंतातला. ऑक्टोबरात कोणी ‘ताजे उकडलेले आहेत’ म्हणालं तर मी तरी दुसरं काही मागवीन.

नावाजलेली जागाही गल्लीतलीच असू शकते. ट्रेमे वस्तीतलं डूकी चेज १९४१मध्ये सँडविचचं दुकान म्हणून सुरू झालं. लीया चेजबाईंनी त्याचं रेस्टॉरंट केलं. वंशभेदाच्या काळात वरच्या मजल्यावर नागरी हक्कांचे कार्यकर्ते जमत, गंबो खात पुढचे बेत ठरवत. ईस्टरआधीच्या गुरुवारी तिथे पालेभाज्यांचा हिरवा गंबो मिळतो.

आणि लाफायेटच्या बाजूला गेलात तर रेस्टॉरंटही शोधू नका. पेट्रोल पंपावरच्या दुकानात गरम बूदँ, म्हणजे भात आणि डुकराचं मांस भरलेलं सॉसेज, मिळतं. लोक ते गाडीतच बसून संपवतात.