अंगणातला निंब पडला, आता?

अकोला जिल्ह्यातल्या पारसचं नाव निघालं की अजूनही अंगावर काटा येतो. 9 एप्रिल 2023, रविवारची संध्याकाळ. बाबूजी महाराज संस्थानात आरतीला माणसं जमलेली, वादळ सुटलं आणि जुना निंब टिनाच्या शेडवर कोसळला. सात जीव गेले. तेव्हापासून आपल्या वऱ्हाडात अंगणातल्या मोठ्या झाडाकडे बायका जरा भीतीनेच बघतात. वारा सुटला की आधी लेकरं आत घेतात. झाड पडलंच, तर ते कधी एकदा दारातून हलतं असं होऊन जातं, आणि नेमक्या याच घाईत ते मातीमोल विकलं जातं.

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या बचत गटातल्या एका बाईचा निंब असाच मे महिन्यात पडला. नशीब, घरावर नाही, रिकाम्या गोठ्याकडे. नवरा वारलेला, पोरगी अमरावतीला नर्सिंगला. दुसऱ्याच दिवशी जळाऊ लाकडाचा व्यापारी दारात हजर. सगळं झाड उक्तं मागत होता. दीरही म्हणे, "देऊन टाका, पोरीची फी निघते." ती माझ्याकडे आली. "ताई, सासऱ्यानं लावलेलं झाड हाय. काहून जाळू द्याव?"

आधी मोजू या म्हटलं. हे मोजमाप प्रत्येकीला यायला पाहिजे. बुंध्याच्या मधोमध सुतळी गुंडाळायची आणि ती फुटपट्टीवर मोजायची. आमचा घेर भरला 8 फूट. त्याचा चौथा हिस्सा 2. दोन दुणे चार, त्याला लांबीने गुणायचं. सरळ बुंधा 10 फूट, म्हणजे 40 घनफूट. लाकडाच्या धंद्यात हा हिशेब फार जुना. गंमत अशी, की गोल बुंध्याचं खरं माप यात पुरतं धरलंच जात नाही. शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्राने तोच बुंधा 51 घनफुटांच्या आसपास जातो. सुमारे पाचवा हिस्सा साल आणि वाया जाणाऱ्या बाकलांच्या नावाने सोडलेला असतो. आणि उक्त्या सौद्यात तर हेही माप नसतं, नुसता डोळ्याचा अंदाज, तोही घेणाऱ्याच्या डोळ्याचा!

आता एवढं धूड आरामशीनवर न्यायचं कसं? ओलं लाकूड, वजन टनाच्या वर. गल्लीत क्रेन शिरत नाही. आरामशीनही गावोगावी नाहीत. 2002 च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय समितीच्या परवानगीशिवाय नव्या आरागिरण्यांना बंदी केली होती, पुढे 2016 च्या नियमांनी ते काम राज्याच्या समितीकडे आलं. मग उपाय एकच, लाकूड मशीनकडे न्यायचं नाही, मशीनच लाकडाकडे आणायची.

अमेरिका, ऑस्ट्रेलियातले शेतकरी अशी फिरती आरामशीन गाडीमागे ओढून नेतात. आरामशीनवर लाकूड पात्याकडे सरकतं, इथे लाकूड जागेवर आणि पातं त्यावरून सरकतं, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे तशी मोठी मशीन क्वचितच. अकोल्याहून आलेल्या मिस्त्रीने पेट्रोलची साखळी करवत लोखंडी चौकटीत बसवली होती, तीन फुटी पात्याची. बुंध्यावर आधी सरळ शिडी ठोकली, तिच्यावरून चौकट सरकवत पहिलं बाकल काढलं. मग वरचा भाग सपाट झाला, शिडीचं काम संपलं. पुढची प्रत्येक फळी त्या सपाटीच्या आधाराने, दोन इंच जाडीची. साखळी प्रत्येक कापाला जवळपास 8 मिलिमीटर लाकडाचा भुसा करते, पट्टीची करवत 2-3 मिलिमीटरच. तेवढं नुकसान मान्य करायचं.

मध्येच मशीन किंचाळली. खिळा! अंगणातल्या झाडाला आपण काय काय ठोकतो ते त्या दिवशी कळलं. कपड्यांच्या दोरीचे खिळे, नागपंचमीच्या झोक्याची कडी, कुण्या निवडणुकीच्या पाटीचा चुका. सगळं झाडाने गिळलेलं. साखळी बदलली आणि दोन तास गेले. तुम्ही हे काम कराल तेव्हा आधी लोहचुंबक फिरवून घ्या.

संध्याकाळपर्यंत नऊ फळ्या निघाल्या. आतून तांबूस, अन् वास तसाच कडू. गव्हाच्या कोठीत आपण निंबाचा पाला घालतो तो किडीसाठी, याच गुणामुळे निंबाच्या लाकडाला वाळवीही सहसा लागत नाही. सागाची ऐट त्याला नाही, मेळघाटचा साग परतवाड्याच्या डेपोत लिलावाने विकला जातो, त्याची बरोबरी कशाला करायची? चौरंग, फडताळ, अंगणवाडीचे बाक, याला निंब उत्तम.

फांद्या मात्र व्यापाऱ्यालाच दिल्या, पण काट्यावर तोलून. त्यातून मिस्त्रीची मजुरी निघाली, पोरीच्या फीला थोडे उरलेही. पूर्ण फी काही निघाली नाही, हेही सांगायला हवं. उरलेली गटाच्या कर्जातून भरली. दीर अजून थोडा घुश्शात आहे.

कागदाचं विसरू नका. शहरात 1975 चा झाडं जपण्याचा कायदा आहे, खेड्यात 1964 चा वृक्षतोडीचा. साग, आंबा, चिंच, मोह, जांभूळ ही झाडं या दुसऱ्याच्या यादीत येतात. झाड आपोआप पडलं असलं तरी तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, वन खात्यात विचारावं, आणि मशीनवाल्यालाही परवान्याचं विचारायला लाजू नये.

राहिलं वाळवणं. वऱ्हाडाच्या उन्हात पापड वाळतात तशी फळी वाळवायला गेलात तर उभी चिरते. सावलीत, वारा लागेल अशी, फळीफळीत पट्ट्या घालून रचायची, टोकांना रंग किंवा मेण फासायचं, वर वजन ठेवायचं. जुनी माणसं इंचाला वर्ष धरतात. तिच्या फळ्या सध्या गोठ्याच्या आडोशाला आहेत, वर पाटा-वरवंटा अन् दोन दगड. वाढई दर महिन्याला येऊन विचारतो. ती म्हणते, "थांब व भाऊ, आताच नाई."