सर्पदंश : पहिला तास कोणाचा?

आपला भंडारा जिल्हा तलावांचा व धानाचा. पावसाळ्यात बांध्यांमध्ये रोवणीची झुंबड उडते, त्याच सुमारास बिळांत पाणी शिरून साप बाहेर पडतात. धानामागे उंदीर आणि उंदरामागे साप, हा क्रमही ठरलेलाच. म्हणून प्रथमोपचारांत सर्पदंशाचा विचार आपण आधी करावा, असे मला वाटते.

महाराष्ट्रात माणसाला घातक ठरणारे प्रमुख साप चार : नाग, मण्यार, घोणस व फुरसे. नाग व मण्यार यांच्या विषाने पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही व शेवटी श्वास थांबतो. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना, सूज फारशी नसते. त्यामुळे दंश झाल्याचेच कळत नाही.

खेड्यांत आजही काही रोग्यांना प्रथम मांत्रिकाकडे नेतात. ‘त्याच्या हातून कितीतरी बरे झाले’ असे लोक सांगतात, आणि ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. पण त्याचे कारण मंत्रात नसून सापात आहे. बहुतेक साप बिनविषारी असतात. विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असा रोगी कोणाच्याही हातून बरा होतो. ज्याच्या अंगात खरोखर विष भिनले आहे, त्याचा मात्र तेथे बहुमोल वेळ जातो.

मग करावे काय? रोग्यास धीर द्यावा, चालू देऊ नये. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत. हाड मोडल्यावर बांधतो त्याप्रमाणे काठी व कापड लावून दंशाचा हात वा पाय स्थिर ठेवावा. करकचून दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, तोंडाने रक्त ओढू नये, साप मारण्यात वेळ दवडू नये. उलटी होत असल्यास रोग्यास कुशीवर निजवावे. २०१४ पासून राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे; ती किंवा मिळेल ते वाहन घेऊन रुग्णालय गाठावे. घोड्याच्या रक्तापासून तयार होणारी प्रतिसर्पविष लस हेच विषावरचे खरे औषध, व ते तेथेच मिळते.

मित्रहो, मांत्रिकाशी वाद घालण्यात वेळ घालवू नका. ‘आधी इंजेक्शन, मंत्र मागाहून’ एवढे जरी आपण आपापल्या घरी पटवून दिले, तरी पहिला तास डॉक्टरांच्या हाती पडेल.