विश्लेषण : ग्राहक कार्ट भरून मध्येच का निघून जातो? रिटेल कंपन्यांतील ‘यूएक्स डिझायनर’ची नोकरी म्हणजे नेमके काय?

चाकणला लागून असलेल्या खराबवाडी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे, कुरुळी या गावांत भाड्याच्या खोलीत राहणारा कामगार मोबाइलवर मिक्सर मागवायला बसतो, तेव्हा बऱ्याचदा त्याची गाडी किमतीपाशी नाही, पत्त्यापाशी अडते. अ‍ॅप विचारते फ्लॅट नंबर, इमारतीचे नाव, रस्ता. त्याच्याकडे असतो गट नंबर, खोलीमालकाचे आडनाव आणि ‘कंपनीच्या गेटसमोर, पाण्याच्या टाकीमागे’. रकाना रिकामा सोडला तर लाल अक्षरांत चूक दिसते. काहीतरी भरून पुढे गेले तर डिलिव्हरी बॉयचे तीन फोन येतात, तेही पाळी सुरू असताना. वैतागून तो अ‍ॅप बंद करतो. कंपनीच्या नोंदीत मात्र एवढेच उरते की, एक ग्राहक कार्ट भरून निघून गेला.

असे निघून जाणारे थोडेथोडके नाहीत. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणाऱ्या डेन्मार्कच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटनुसार, भरलेल्या कार्टपैकी सरासरी सुमारे ७० टक्के कार्ट पैसे न भरताच सोडून दिल्या जातात. त्यातले बरेच जण नुसते बघायला आलेले असतात, हे खरे. पण ज्याला वस्तू घ्यायचीच होती तोही का गेला, हे शोधणे आणि ती अडचण दूर करणे हे यूएक्स डिझायनरचे काम. पिंपरी-चिंचवडमधील अभियांत्रिकीचे अनेक विद्यार्थी सध्या या क्षेत्राकडे वळू पाहत आहेत. त्यांच्यातला मोठा गैरसमज म्हणजे हे चित्रकलेचे काम आहे.

यूएक्स आणि यूआयमध्ये फरक काय?

यूएक्स म्हणजे युजर एक्सपिरियन्स, वापरणाऱ्याला येणारा अनुभव. डॉन नॉर्मन १९९३ मध्ये अ‍ॅपल कंपनीत रुजू झाले, तेव्हा त्यांनी आपल्या पदाच्या नावात हा शब्द घेतला आणि पुढे तो रूढ झाला. यूआय म्हणजे दिसणारा पडदा : बटणे, रंग, अक्षरे. दुकानाच्या भाषेत सांगायचे तर पाटी आणि रंगकाम हे यूआय. साखर कोणत्या रॅकवर ठेवायची, काउंटरवर रांग का लागते, बिल झाल्यावर पिशवी भरायला जागा आहे का, बदलून घ्यायला आलेल्या माणसाने कोणाकडे जायचे, हा सगळा यूएक्सचा प्रांत.

एका बटणाने काय फरक पडतो?

या क्षेत्रात वारंवार सांगितले जाणारे उदाहरण अमेरिकी तज्ज्ञ जेरेड स्पूल यांचे आहे. एका मोठ्या ऑनलाइन विक्रेत्याच्या संकेतस्थळावर (नाव त्यांनी उघड केलेले नाही) कार्ट भरल्यानंतर, पैसे भरण्याच्या आधी एक छोटा फॉर्म येत असे. त्यात ईमेल आणि पासवर्डचे दोन रकाने, ‘लॉग इन’ आणि ‘नोंदणी करा’ अशी दोन बटणे आणि पासवर्ड विसरलेल्यांसाठी एक लिंक, एवढेच होते. करणाऱ्यांना वाटले होते की यामुळे जुन्या ग्राहकांचा वेळ वाचेल.

प्रत्यक्ष ग्राहकांना समोर बसवून पाहिले तेव्हा वेगळेच निघाले. नव्या ग्राहकांना खाते उघडायचेच नव्हते, त्यांना वस्तू घ्यायची होती. जुन्यांना आपण कोणता ईमेल दिला होता हेच आठवत नव्हते. नोंदी तपासल्यावर ४५ टक्के ग्राहकांची एकापेक्षा जास्त खाती सापडली. पासवर्ड विसरल्याच्या विनंत्या दिवसाला १ लाख ६० हजारांपर्यंत जात होत्या आणि त्या करणाऱ्यांपैकी ७५ टक्के लोक पुढे खरेदी पूर्णच करत नव्हते. उपाय साधा होता. ‘नोंदणी करा’च्या जागी ‘पुढे जा’ आले आणि खरेदीसाठी खाते लागत नाही अशी एक ओळ लिहिली. खरेदी पूर्ण करणाऱ्यांची संख्या ४५ टक्क्यांनी वाढली आणि पहिल्या वर्षात विक्री ३० कोटी डॉलरने.

यात चित्रकला कुठेही नाही. माणसे पाहणे, नोंदी वाचणे आणि दोन्हींचा मेळ घालणे आहे.

शॉप फ्लोअरचा इथे काय संबंध?

भोसरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत काम केलेल्याला ‘पोका-योके’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पार्ट उलटा बसूच नये म्हणून फिक्स्चरला पिन देतात. ऑपरेटरला ‘नीट लक्ष दे’ असे बजावण्यापेक्षा चूक होऊच शकणार नाही अशी रचना करायची, ही जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी टोयोटाच्या निमित्ताने रूढ केलेली पद्धत. मोबाइल नंबरच्या रकान्यावर बोट ठेवताच फक्त अंकांचा कीपॅड उघडणे, पिनकोड टाकताच जिल्हा आणि राज्य आपोआप भरले जाणे, हे पडद्यावरचे पोका-योकेच.

‘फाइव्ह व्हाय’चेही तसेच. रिजेक्शन का वाढले, तर टूल झिजले. का झिजले, तर कूलंट कमी पडले. क्वालिटी विभागात असे पाच वेळा ‘का’ विचारतात. ऑर्डर का रद्द झाली, तर पार्सल पोहोचले नाही. का, तर पत्ता चुकला. का, तर फॉर्ममध्ये खुणेची जागा लिहायला रकानाच नव्हता. प्रश्न तोच, यंत्र वेगळे. दोष वापरणाऱ्याचा नाही, प्रक्रियेचा आहे असे मानून कामाला सुरुवात करायची सवय डिझाइनच्या वर्गात मुद्दाम शिकवावी लागते. या पट्ट्यातील डिप्लोमाधारकाला ती पहिल्याच ट्रेनिंगमध्ये मिळते, फक्त बायोडेटात ती कोणी लिहीत नाही.

चाचणीचे गणितही आवाक्यातले आहे. उपयुक्ततेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडले की, पाच जणांकडून वापरून घेतले तरी सुमारे ८५ टक्के अडचणी समोर येतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. पाच माणसे, एक मोबाइल आणि मध्ये न बोलण्याचा संयम पुरतो. (शेवटची गोष्ट सर्वांत अवघड.)

कारखान्यांचा पट्टा ‘रिटेल’ कधी झाला?

बजाजने इलेक्ट्रिक चेतकचे बुकिंग १५ जानेवारी २०२० रोजी पुणे आणि बेंगळुरूत सुरू केले, तेही ऑनलाइन, २ हजार रुपये भरून. एप्रिल २०२१ मध्ये बुकिंग पुन्हा उघडले, तेव्हा प्रतिसादामुळे ते ४८ तासांत थांबवावे लागले. एकेकाळी चेतकसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहिलेल्या घरांतली पुढची पिढी ती फोनवर बुक करत होती. चाकणमध्ये कारखाना असलेल्या मर्सिडीज-बेंझ इंडियाने ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘रिटेल ऑफ द फ्युचर’ ही पद्धत आणली. तिच्यात गाड्यांचा साठा कंपनीचा, किंमत सगळीकडे एकच आणि बिल थेट कंपनीकडून ग्राहकाला. म्हणजे गाडी बनवणारी कंपनीच दुकानदार झाली, आणि दुकानदार झाले की ग्राहक कुठे अडतो हे पाहणे आले.

लहान मुलांच्या वस्तू विकणारी, ऑनलाइन आणि दुकाने दोन्ही असलेली फर्स्टक्राय ही तर २०१० मध्ये पुण्यातच सुरू झालेली कंपनी. ऑगस्ट २०२४ मध्ये ती शेअर बाजारात आली. याशिवाय चाकण-तळेगाव भागातल्या गोदामांत स्कॅनर हातात घेऊन माल उचलणारे कर्मचारीही ‘युजर’च आहेत. हातमोजे घालून दाबता येईल एवढे बटण, शेडमधल्या अंधूक उजेडात वाचता येईल असे अक्षर, हेदेखील रिटेल यूएक्समध्ये येते. त्याची जाहिरात होत नाही इतकेच.

मराठी येण्याचा फायदा होतो?

डिसेंबर २०२० मध्ये अ‍ॅमेझॉनच्या अ‍ॅपवर मराठी नसल्यावरून मनसेने आंदोलन केले आणि पुण्यात तोडफोडही झाली. पुढच्या वर्षी फ्लिपकार्ट आणि सप्टेंबर २०२१ मध्ये अ‍ॅमेझॉनने मराठी पर्याय दिला. मात्र भाषांतर झाले म्हणजे काम संपत नाही. वेलांट्या, रफार आणि उकार यांना ओळीच्या वर-खाली जागा लागते. इंग्रजीसाठी आखलेल्या बटणात ते कापले जातात. ग्राहक शोधताना कढई हा शब्द देवनागरीत लिहितो, रोमन लिपीत लिहितो, रोमनमध्येही दोन-तीन प्रकारे लिहितो. त्याला प्रत्येक वेळी कढईच दिसायला हवी. ‘रिटर्न’ म्हणावे की ‘परत करा’, हे शब्दकोशातून ठरत नाही, पिंपरी कॅम्पातल्या शगुन चौकात तासभर उभे राहिल्यावर ठरते. मराठीत विचार करणाऱ्या डिझायनरला इथे खरी संधी आहे.

बॉसने फसवे डिझाइन करायला सांगितले तर?

हा प्रश्न नोकरीच्या पहिल्या वर्षातच समोर येऊ शकतो. अडचण दूर करणारे कौशल्यच अडचण निर्माण करायलाही वापरता येते. ‘फक्त २ नग शिल्लक’ अशी खोटी घाई, न विचारता कार्टमध्ये टाकलेला विमा किंवा देणगी, शेवटच्या पडद्यावर उगवणारे शुल्क, एका क्लिकवर सुरू आणि दहा क्लिकवरही बंद न होणारी सदस्यता या प्रकारांना ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात. ब्रिटनचे डिझाइनर हॅरी ब्रिगनल यांनी २०१० मध्ये हा शब्द दिला.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी याविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत असे १३ प्रकार नमूद आहेत. जून २०२५ मध्ये सर्व ई-कॉमर्स कंपन्यांना तीन महिन्यांत स्वतःच्या अ‍ॅपची तपासणी करण्यास सांगण्यात आले. त्यामुळे ‘टिकमार्क आधीच लावून ठेव’ या सूचनेला नवख्या डिझायनरकडे आता नियमाचा आधार असलेले उत्तर आहे. ते ईमेलवर द्यावे, तोंडी नाही. ग्राहकांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

शिक्षण कुठे, नोकरी कुठे?

बारावीनंतर कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला बी.डेस.साठी ‘यूसीड’ देता येते. अभियांत्रिकीच्या पदवीनंतर एम.डेस.साठी ‘सीड’ परीक्षा असते. दोन्ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते. तिथल्या १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयडीसी या डिझाइन विभागात इंटरॅक्शन डिझाइन हा स्वतंत्र विषय आहे. अहमदाबादच्या एनआयडीची प्रवेश परीक्षा वेगळी. पुण्याजवळ लोणी काळभोरला एमआयटीची आणि विमाननगरला सिम्बायोसिसची डिझाइन संस्था आहे. एनपीटीईएलवर मानव-संगणक संवादाचे वर्ग फुकट पाहता येतात.

खासगी क्लासची भरमसाट फी भरण्याआधी एक प्रश्न विचारावा : मागच्या तुकडीतले कोण, कोणत्या पदावर लागले? ‘१०० टक्के प्लेसमेंट’ हे त्याचे उत्तर नव्हे. एआय साधने आता दोन ओळींच्या सूचनेवरून पडदे काढून देतात. फक्त पडदे काढायला शिकवणाऱ्या क्लासचे भविष्य त्यामुळे फारसे उजळ नाही.

हिंजवडीतल्या आयटी कंपन्यांत परदेशी रिटेलर्सची कामे चालतात, पण तिथे ग्राहक सातासमुद्रापार असतो आणि त्याला भेटण्याची संधी क्वचित मिळते. रिटेल कंपन्यांच्या स्वतःच्या टीम बहुतांशी बेंगळुरू आणि मुंबईत आहेत : फ्लिपकार्ट, मिंत्रा, टार्गेट, टेस्को तिकडे, तर डीमार्ट, रिलायन्स रिटेल, नायका इकडे. पहिली नोकरी घराजवळच हवी असेल तर पर्याय कमी होतात, हे आधीच धरून चालावे.

मुलाखतीत पदवीइतकाच पोर्टफोलिओ पाहिला जातो. त्यात नामांकित अ‍ॅपचे काल्पनिक ‘रीडिझाइन’ जवळजवळ प्रत्येकाचे असते. त्याऐवजी खराबवाडीतल्या पाच जणांना एकेक ऑर्डर द्यायला लावून, पत्त्याच्या फॉर्मवर कोण किती वेळ अडले ते घड्याळ लावून टिपता येते. मग कागदावर नवा फॉर्म काढून आणखी पाच जणांना द्यायचा, आणि दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहायच्या.